जर्मनी सोडताना विम्याचा आणि नोंदींचा फेरफार

आपल्या दारव्हा तालुक्यातल्या एका भावाने जर्मनीतल्या आउग्सबुर्गहून विचारलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "ताई, जानेवारीअखेर इथे चार वर्षं दोन महिने होतील. ३१ जानेवारी नोकरीचा शेवटचा दिवस, १२ फेब्रुवारीचं तिकीट. सोबत बायको आणि आठ महिन्यांची मुलगी, ती इथेच झाली. मला दोन वर्षांपासून बीपीची गोळी सुरू आहे. गावी आईबाबा, बाबा ७१ वर्षांचे. आता कायमचंच येतो आहे. इथला आरोग्य विमा आपोआप बंद होतो ना? तिकडे उतरल्यावर विम्याचं काय करायचं? पेन्शनचे पैसे परत मिळतात म्हणतात, ते खरं का?"

भाऊ, तुमच्या प्रश्नातला 'आपोआप' हा शब्द आधी बाजूला काढा. आपण वावर विकलं, पैसे घेतले, ताबा दिला, तरी फेरफार होईपर्यंत सातबारावर नाव आपलंच राहतं. कर्जाची नोटीस आली तर आपल्याच दारी येते. जर्मनीतल्या नोंदींचंही तसंच आहे. माणूस विमानात बसला म्हणून कुठल्याही वहीतून त्याचं नाव निघत नाही. प्रत्येक वहीतून ते काढून घ्यावं लागतं आणि काढल्याचा कागद हातात ठेवावा लागतो.

हे मी भोगून सांगते आहे. मी तिकडे साडेचार वर्षं नर्स होते. २०१९ च्या नोव्हेंबरात परत आले. नगरपालिकेच्या ऑफिसात जाऊन गाव सोडल्याची नोंद केली, कागद घेतला, तो ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला आणि मोकळी झाले. माझ्या विमा संस्थेला वेगळं कळवायचं असतं हे कुणी बोललं नव्हतं, मीही विचारलं नाही. मार्चमध्ये तिकडच्या मैत्रिणीने जुन्या पत्त्यावर आलेल्या पत्राचा फोटो पाठवला. चार महिन्यांची थकबाकी, साडेतीन हजार युरोंच्या आसपास. तेव्हाच्या भावाने पावणेतीन लाख रुपये. सासरे ओट्यावर बसले होते, त्यांनी हिशेब केला: "म्हणजे पन्नास क्विंटल कापूस झाला." त्या वर्षी हमीभाव साडेपाच हजारांच्या घरात होता, त्यामुळे हिशेब बरोबर होता. त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतला तो कागद शोधला, स्कॅन केला, दोन ओळींच्या पत्रासोबत पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: देश सोडल्याच्या तारखेपासून सदस्यत्व रद्द, थकबाकी शून्य. एका कागदाने आलेलं संकट एका कागदाने गेलं. पण ते तीन आठवडे माझ्या लक्षात आहेत, आणि म्हणून आज दारव्ह्यात नवऱ्याच्या कर सल्ल्याच्या ऑफिसात परत येणाऱ्यांच्या फायली मी स्वतः बघते.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य विमा सक्तीचा आहे. नोकरी संपली की नोकरीमुळे असलेलं सदस्यत्व संपतं, पण कायदा माणसाला उघडं पडू देत नाही. तुम्ही दुसरा विमा घेतल्याचा किंवा देश सोडल्याचा पुरावा दिला नाही, तर सार्वजनिक विमा संस्था, म्हणजे क्रांकेनकासे, तुम्हाला 'स्वेच्छा सदस्य' म्हणून पुढे चालू ठेवते. नावात स्वेच्छा असली तरी ते लागू होतं न विचारता. स्वेच्छा सदस्याला नोकरदाराचा आणि मालकाचा असा दोन्ही वाटा एकट्याने भरावा लागतो. उत्पन्न किती हे तुम्ही कळवलं नाही तर हप्ता सगळ्यात वरच्या उत्पन्नावर धरतात, आजच्या दराने तो महिना हजार युरोंच्या पुढे जातो. थकबाकीवर दरमहा एक टक्का अधिभार. आणि ही साधी खाजगी उधारी नसते. वसुलीचं काम सरकारी यंत्रणेकडे जाऊ शकतं. पुढे कधी परत जर्मनीत नोकरी लागली, तर जुनं येणं तिथे वाट बघत असतं.

म्हणून किल्लीचा कागद एकच: आबमेल्डुंग, म्हणजे राहण्याची नोंद रद्द केल्याचा दाखला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावाचून दुसरी शाळा नाव घालत नाही, तसा हा देश सोडल्याचा दाखला समजा. निघण्याच्या एक आठवडा आधीपासून निघाल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत तो काढता येतो. आधी गेलात तर परत पाठवतात. तुमच्या तिकिटाच्या हिशेबाने ५ फेब्रुवारीनंतरचा दिवस धरा. अर्जात नवीन पत्त्याच्या रकान्यात नुसतं 'इंडिया' लिहू नका. गावाचं नाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड, सगळं. तुमची, वहिनींची आणि मुलीची, तिघांची नावं दाखल्यावर आहेत का ते खिडकीवरच वाचून बघा. मुलीचं नाव राहिलं तर बालभत्त्याचा हिशेब वर्षभर लोंबकळतो. दाखला मिळाला की त्याच दिवशी मोबाईलवर स्वच्छ स्कॅन करा आणि मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा. ट्रंकेत नको.

आता तारखांचं बघू, कारण दोन गोष्टी या आठवड्यातच करायच्या आहेत.

पहिली, मुलगी. ती आठ महिन्यांची आहे हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या मते सगळ्या प्रश्नात हीच गोष्ट सगळ्यात निकडीची आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाला वारशाने भारतीय नागरिकत्व मिळायचं तर जन्माची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात व्हावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि त्या फाईलमागे किती चकरा होतात ते आपल्या लोकांना सांगायला नको. तुम्हाला म्युनिकचा भारतीय वाणिज्य दूतावास लागू होतो. जन्मनोंद आणि पासपोर्ट दोन्हीची वेळ आजच घ्या. केलं असेल तर उत्तमच, मग फक्त नोंदीच्या दाखल्याच्या दोन प्रती सोबत आणा. गावी आल्यावर मुलीचं आधार, रेशन कार्डात नाव, पुढे शाळा, सगळीकडे तिचा भारतीय पासपोर्ट आणि तो दाखला लागणार आहे. आपल्या सेतू केंद्रात जर्मन भाषेतला जन्मदाखला पुढे केला तर पोरगं बिचारं काय वाचणार? तिकडच्या म्युनिसिपालिटीकडून अनेक भाषांतला आंतरराष्ट्रीय जन्मदाखला मिळतो, तो मागून घ्या.

दुसरी, घर. भाड्याच्या घराची नोटीस तीन महिन्यांची असते, आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडली तरच तो महिना धरला जातो. डिसेंबरच्या तिसऱ्या दिवसाच्या आत दिलीत तर फेब्रुवारीअखेर सुटाल. चौथ्या दिवशी दिलीत तर मार्चचं भाडं. आणि ईमेल चालत नाही. कागदावर, पेनाने सही, रजिस्टर पोस्टाने. अनामत रकमेतला काही भाग मालक पाणी-हीटिंगच्या वार्षिक हिशेबासाठी धरून ठेवू शकतो, तो हिशेब पाठवायला त्याला हिशेबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिने मुभा आहे. म्हणजे ते पैसे तुम्ही गावी आल्यावर येणार. तिकडचं बँक खातं घाईने बंद करू नका याचं एक कारण हे. दुसरं कारण पेन्शन, ते पुढे येतं.

आता विम्याचा मुख्य मुद्दा, आणि इथे बहुतेक जण उलटा क्रम लावतात. आधी येतात, सामान लावतात, नातेवाईक भेटतात, लग्नं होतात, मग दोनेक महिन्यांनी विमा आठवतो. भाऊ, भारतातली आरोग्य पॉलिसी आजच घ्या, तिकडे बसून. अनिवासी भारतीयाला ती घेता येते. पॅन, भारतातला पत्ता आणि केवायसी लागते. तुमचं बीपी आहे म्हणून कंपनी तपासण्या मागेल, काही कंपन्या व्हिडिओवर बोलून काम भागवतात. नाहीतर डिसेंबरात यायचं जमत असेल तर तेव्हा तपासण्या करा.

आजच का? भारतातल्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून कशालाच पैसे मिळत नाहीत. तुम्ही आज घेतलीत तर हे ३० दिवस तुमच्या अंगावर जर्मन विमा असतानाच निघून जातील. फेब्रुवारीत नागपूरला उतराल तेव्हा पॉलिसी पूर्ण चालू असेल. येऊन घेतलीत तर महिनाभर तिघेही उघडे. आणि मोतीबिंदू, हर्निया, किडनी स्टोनसारख्या ठरावीक आजारांना, तसंच आधीपासून असलेल्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो. २०२४ पासून नियामकाने तो जास्तीत जास्त ३६ महिने केला, आधी ४८ होता. तुमच्या बीपीचं घड्याळ पॉलिसीच्या पहिल्या दिवसापासून चालू होतं. जर्मनीत चार वर्षं विमा होता म्हणून त्यातला एक दिवसही इथे वजा होत नाही. एका भारतीय कंपनीतून दुसरीत जाताना झालेला काळ सोबत नेता येतो, परदेशी विम्याचा नाही. जे भाऊबहीण अजून दोन-तीन वर्षांनी परतणार आहेत त्यांनी हे आजच ऐकावं. जाताना एक छोटी पॉलिसी घेऊन चालू ठेवली असती तर परत येताना ३६ महिने मागे पडलेले असते. मला हे माहीत नव्हतं. मी येऊन घेतली, आणि माझ्या थायरॉइडसाठी तीन वर्षं थांबले.

बीपी लपवू नका. एजंट म्हणेल, "लिहू नका, हप्ता वाढतो." त्याचं ऐकू नका. माझ्याकडे एक फाईल आली होती, दुबईहून परतलेला माणूस. साखर होती, फॉर्मवर 'नाही' लिहिलं होतं. दीड वर्षाने हृदयाचा त्रास झाला, नागपूरच्या एका हॉस्पिटलात दाखल केलं. तिथल्या डॉक्टरांनी केस पेपरवर सवयीने लिहिलं, 'मधुमेह, ६ वर्षं'. त्याच्या बायकोनेच खरं सांगितलं होतं, डॉक्टरांना खोटं कोण सांगतं? क्लेम नाकारला. पॉलिसीही रद्द. दोन एकर गहाण पडली. पॉलिसी सलग ६० महिने झाल्यावर कंपनीला अशी जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर वेगळं. पण त्या पाच वर्षांच्या भरवशावर संसार टांगू नये. खरं लिहा, हप्ता थोडा जास्त भरा आणि शांत झोपा.

आईबाबांना तुमच्याच पॉलिसीत घालू नका. एकत्र कुटुंबाच्या पॉलिसीत हप्ता सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो, ७१ वर्षांच्या बाबांमुळे तुमचा तिघांचा हप्ता फुगेल. बाबांना ७० पूर्ण झाली आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. आईचं वय तुम्ही लिहिलं नाही. त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाख. आपल्या यवतमाळसह १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबारा दाखवून ती आधीपासून मिळत होती, त्यामुळे गावात तिची माहिती बऱ्यापैकी आहे. सावंगी मेघे, सेवाग्राम, यवतमाळचं मेडिकल, तिथे आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन जायचं. मग वेगळी पॉलिसी कशाला, असं तुम्ही विचाराल. योजना ठरलेल्या उपचारांपुरती आणि यादीतल्या हॉस्पिटलांपुरती आहे. रात्री दोन वाजता जवळच्या हॉस्पिटलात पोरीला घेऊन पळावं लागलं आणि ते यादीत नसलं तर? दोन्ही ठेवा. खाजगी पॉलिसीच्या हप्त्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, तेवढा भार कमी झाला.

सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलने एकेकाळी आसपासच्या गावांत वर्गणी म्हणून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला. सुगीत ज्वारी द्यायची, वर्षभर दवाखाना. आमची आजी सांगायची. विमा म्हणजे शहरी लोकांचं काहीतरी, असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते. ही गोष्ट आपल्या मातीत रुजलेली आहे, आपणच विसरलो.

आता तिकडचे शेवटचे दिवस. ३१ जानेवारीला नोकरी संपते आणि १२ फेब्रुवारीला तुम्ही उडता, हे बारा दिवस. सदस्यत्व संपल्यानंतर कमाई नसेल तर जर्मनीत एक महिन्यापर्यंत उपचाराचा हक्क कायद्याने शिल्लक राहतो. तुमचं तिकीट त्या महिन्याच्या आत आहे, हे चांगलं जमलं. तरी डिसेंबरातच विमा संस्थेला पत्र लिहा: अमुक तारखेला नोकरी संपते, अमुक तारखेला आम्ही तिघे कायमचे भारतात जातो, दाखला मिळताच पाठवतो, मधल्या दिवसांत तिघांच्या उपचारांचं काय ते लेखी कळवा. तिघांची नावं लिहा. वहिनी आणि मुलगी तुमच्या नावावर कुटुंबविम्यात आहेत, त्यांच्याबद्दल स्पष्ट उत्तर हातात असू द्या. दाखला मिळाला की तो पाठवा आणि सदस्यत्व संपल्याची तारीख असलेलं पत्र मागा, सोबत आजवर किती काळ विमा होता त्याचं प्रमाणपत्रही. परत कधी गेलात तर ते उपयोगी पडतं. विम्याचं कार्ड सदस्यत्व संपल्यावर वापरू नका, तो खर्च परत मागतात. जे खाजगी विम्यात आहेत त्यांनी आपल्या कंपनीशी वेगळं बोलावं, त्यांचे करार निराळे असतात. विमानप्रवासाच्या दिवसापुरता एक साधा प्रवास विमा घ्या.

जानेवारीत सगळे डॉक्टर उरकून घ्या. दात, डोळे, तुमची बीपीची तपासणी. गोळ्यांचं मोठं पाकीट लिहून मागा, तीनेक महिने पुरेल असं. आणि डॉक्टरांकडून पत्र घ्या ज्यात औषधाचं मूळ नाव आणि मात्रा असेल. तिकडे पाकिटावर जे कंपनीचं नाव असतं ते दारव्ह्याच्या मेडिकलवाल्याला कळणार नाही, 'रामिप्रिल ५ मिलिग्रॅम' लिहिलेलं असेल तर लगेच काढून देईल. तुमच्या सगळ्या तपासण्यांची प्रत मागा. पहिली प्रत मोफत द्यावी लागते, हे युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. बीपी कधी लागलं त्याची तारीख त्यात असते, आणि तीच तारीख पॉलिसीच्या फॉर्मवर असायला हवी.

मुलीच्या लसींबद्दल नर्स म्हणून जरा थांबून सांगते. जर्मनीत बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, १९९८ पासून नेहमीच्या यादीत नाही, म्हणजे तुमच्या मुलीला ती दिलेली नसणार. आपल्याकडे क्षयरोग आहे आणि बीसीजी एक वर्षापर्यंतच देतात. गोवराची लस तिकडे साधारण अकराव्या महिन्यात देतात, इकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर. तुम्ही फेब्रुवारीत याल तेव्हा ती अकरा महिन्यांची असेल, बीसीजीला जेमतेम एक महिना उरेल. या दोन्ही लसी जिवंत विषाणू-जिवाणूंच्या आहेत, एकाच दिवशी दिल्या नाहीत तर मध्ये चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. गोवराची लस फेब्रुवारीत निघता निघता घेतलीत तर बीसीजीचा महिना हातचा जाईल. म्हणून मुलीच्या डॉक्टरांना आत्ताच सांगा, "आम्ही भारतात राहायला जातोय, नऊ महिने झाल्याबरोबर गोवराची लस देता येईल का?" जानेवारीच्या सुरुवातीला ती झाली, तर फेब्रुवारीत इथे बीसीजीला मोकळी वाट. दहा ते बारा महिन्यांतली तिची नेहमीची तपासणीही जानेवारीत करून घ्या. तपासणीची पिवळी वही आणि लसींचं पिवळं पुस्तक, ही दोन तिच्या पासपोर्टसोबत ठेवा. त्या पुस्तकात लसीच्या बाटलीवरचं बारीक स्टिकर चिकटवलेलं असतं, बॅच नंबरासकट. आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरला जर्मन वाचता येणार नाही, पण ते स्टिकर बघून तिला बरंच कळेल.

बाकीच्या वह्या भराभर सांगते. बालभत्ता आणि वहिनींना पालकभत्ता मिळत असेल तर तोही, दोन्ही कार्यालयांना निघायची तारीख कळवा. महिना अडीचशे युरोंच्या वर खात्यात येत राहतात तेव्हा बरं वाटतं, पण निघाल्यानंतरचे सगळे परत द्यावे लागतात. रेडिओ-टीव्हीचं घरटी शुल्क, महिना १८.३६ युरो, हे नगरपालिकेत नोंद रद्द केल्याने थांबत नाही, तिथे वेगळं कळवावं लागतं. मोबाईल, इंटरनेट, जिम, दायित्व विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा) यांना दाखल्याची प्रत जोडून नोटीस. मात्र जर्मन नंबर बंद करण्याआधी बँकेची ओळख एसएमएसवरून ॲपवर आणा, नाहीतर गावी बसून स्वतःच्याच खात्यात शिरता येणार नाही. कंपनीकडून अनुभवाचं प्रमाणपत्र आणि वर्षाचा वेतन-कर दाखला घ्या. ज्या वर्षी निघता त्याचं विवरणपत्र पुढच्या वर्षी भरा. एकाच महिन्याचा पगार वर्षभराच्या हिशेबात गेला की कापलेला कर बहुतेक परत येतो. तिकडच्या पोस्टात पत्रं पुढे पाठवण्याची सोय आहे, ती भारताच्या पत्त्यावरही चालते, वर्षभराची घ्या. पत्त्यात मोबाईल नंबर लिहा, आपल्या पोस्टमनभाऊंना शोधायला सोपं जातं.

पेन्शन. हो, पैसे परत मिळतात, पण अटी नीट समजून घ्या. तुमच्या पगारातून दरमहा ९.३ टक्के पेन्शनला गेले, तेवढेच कंपनीने भरले. परत मिळतो तो फक्त तुमचा वाटा, कंपनीचा नाही, आणि व्याजही नाही. तुमचे ५० महिने होतात, ६० च्या आत, म्हणून तुम्ही पात्र आहात. ६० भरले असते तर रकमेऐवजी म्हातारपणीच्या पेन्शनचा हक्क लागला असता. अर्ज मात्र सक्तीचा विमा संपल्यापासून २४ महिने उलटल्यावरच करता येतो, तोवर युरोपीय संघाबाहेर राहायचं. म्हणजे दोन वर्षं तुमचा पेन्शन नंबर, बँक खातं आणि आबमेल्डुंगचा दाखला सांभाळायचा. अर्जावर सही आणि ओळख यांची अधिकृत खातरजमा लागते. मी तेव्हा विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जर्मन वाणिज्य दूतावासात जाऊन आले, एका दिवसाचं काम.

आणि एक विचार करा. पैसे घेतले की जर्मन पेन्शनमधलं तुमचं खातं पुसलं जातं. भारत-जर्मनीचा सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यामुळे भारतात पीएफच्या नोकरीत भरलेला काळ तिकडच्या ६० महिन्यांत मिळवता येतो. तुम्ही पुण्या-नागपूरला नोकरी करणार असाल, किंवा पुन्हा जर्मनीत जाण्याची शक्यता असेल, तर पैसे तिकडेच राहू द्या. गावात वावर आणि दुकान करणार असाल तर घ्या. मी घेतले, त्यातून विहिरीचं काम झालं, आणि मला पस्तावा नाही. पण त्या वेळी कराराचं कुणी सांगितलं असतं तर मी महिनाभर तरी विचार केला असता. हा करार आरोग्य विम्याला लागू नाही, हेही ध्यानात ठेवा. काही जण जर्मन विम्याचं कार्ड इथल्या हॉस्पिटलात दाखवतात.

इकडच्या बँकेत कायमचे आल्याचं सांगून एनआरई, एनआरओ ही अनिवासी भारतीयांची खाती रहिवासी खात्यात बदलून घ्या. मार्चअखेरपर्यंत तुमचे भारतातले दिवस ६० च्या आत राहतील, त्यामुळे हे आर्थिक वर्ष अनिवासी म्हणूनच जाईल. पुढच्या वर्षापासून मात्र तुम्ही पूर्ण रहिवासी. परतलेल्यांना दोन-तीन वर्षं सवलत मिळते असं कुणी सांगेल. ती मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असलेल्यांना किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांहून जास्त न राहिलेल्यांना आहे. तुम्ही चारच वर्षं बाहेर होतात, तुमचा हिशेब बसत नाही. म्हणून जर्मन खात्यात शंभर युरो उरले असले तरी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवा. न दाखवल्यास १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे. लहान शिलकीला २०२४ पासून त्यातून सूट मिळाली, पण दाखवणं चुकलेलं नाही.

उतरल्यावर पहिल्या आठवड्यात मुलीला घेऊन आशाताईंकडे नाव नोंदवा आणि लसीकरणाच्या दिवशी पिवळं पुस्तक घेऊन उपकेंद्रात जा, बीसीजीची तारीख तिथेच ठरेल. तूर घरात आलेली असेल आणि कापसाची शेवटची वेचणी चालू असेल, घरचे सगळे कामात असतील, तरी हे पुढे ढकलू नका. मग आधार केंद्रात मुलीचं निळं बाल आधार, नंतर तहसीलला रेशन कार्डात वहिनींचं आणि तिचं नाव. कागद अडला तर स्कॅन पाठवा, मी बघून सांगते. आणि आज संध्याकाळी म्युनिकची वेळ घेतली की मला एक निरोप टाका.